आवडी हिलमचं अस्वल

गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथेच राहतात, आणि महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मलाही लशींचा डबा घेऊन तिथेच जायचं असतं. लोधिवलीहून आत वळलं की विक्रम रिक्षा जिथवर जाते तिथे गाव संपतं. पुढे चढण लागते आणि चढणीवर कातकऱ्यांची वाडी. गावाला आणि वाडीला मिळून अंगणवाडी एकच. तिची सेविका आवडी शुक्रा हिलम, वाडीतली पहिली बारावी झालेली बाई.

तिच्या बापाचा, शुक्राचा, अर्धा चेहरा अस्वलाने ओरबाडून काढलेला आहे. डावा डोळा नाही, नाकाची एक कड नाही, वरचा ओठ शिवून जोडलेला. त्यामुळे त्याच्या बोलण्यातले काही शब्द फुसकन हवेत जातात. पंचवीस वर्षं हा माणूस उन्हाळा असो की थंडी, डोक्यावरून टॉवेल घेऊन त्याचं एक टोक दातांत धरून फिरत होता. गावात त्याला अस्वल्या म्हणत. पोर जेवत नसलं की ‘शुक्राला बोलावू का’ म्हणून विचारायची रीतच पडली होती. मी या गावाला नवीन होते तेव्हा सुई टोचताना रडणाऱ्या एका पोराला त्याच्या आजीने हेच सांगून गप्प केलं होतं. आणि मी काही बोलले नव्हते.

हे झालं कसं, ते आवडीनेच मला सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना वाडीतली पाच-सहा घरं कोळसा पाडायला कर्नाटकात गेली होती, बळ्ळारीच्या बाजूला. वेडी बाभूळ तोडायची, रचायची, वरून माती लिंपून धुमसत ठेवायची. भट्टीच्या मागे मोठमोठ्या धोंड्यांच्या टेकड्या होत्या. एका सकाळी शुक्रा लाकडाला गेला आणि मागून आवडी डब्यात पेज घेऊन निघाली. दोन धोंड्यांच्या फटीतून अस्वलाची मादी बाहेर आली. पाठीवर दोन पिल्लं. शुक्रा वाकलेला होता, मादीची मान खाली होती. दोघांनाही एकमेकांची चाहूल लागली तेव्हा मधे दोन हात जागा होती. पिल्लं खाली पडली, मादी उभी राहिली आणि तिने पंजा मारला. शुक्रा कोसळल्यावर ती त्याच्यावर वाकली. आवडी किंचाळली नाही. डब्याचं झाकण काढून ती डब्यावर बडवत राहिली. मादीने मान वर केली, तिच्या दिशेने हुंगलं, मागे फिरली. पिल्लं पाठीवर चढली आणि ती तिघं धोंड्यांत निघून गेली.

‘‘भीती मला नंतर वाटली, सिस्टर,’’ आवडी म्हणाली होती. ‘‘आधी येवढंच दिसलं, का तिची पोरं तिच्या केसांना कशी घट्ट धरून बसलीत.’’

आश्रमशाळेत तिला वेगळंच अस्वल भेटलं. मुली रात्रीच्या गोष्टींत सांगायच्या की अस्वल बायकांना पळवून गुहेत ठेवतं आणि पळून जाऊ नये म्हणून त्यांचे तळवे चाटून सोलून काढतं. आवडी म्हणायची, ‘‘मी बघितलंय, तसं नसतं.’’ मुली म्हणायच्या, ‘‘मग तुझ्या बापाचं तोंड कुणी खाल्लं?’’ सातवीत विज्ञानाच्या जगदीश सरांनी वर्गात सांगितलं की आपल्याकडचं अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळं खातं. ती उभी राहिली. ‘‘मग माझ्या बाला का फाडलं?’’ सरांना उत्तर येत नव्हतं. ते तसं म्हणाले आणि ‘वाचून सांगतो’ म्हणाले. आठ दिवसांनी त्यांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं: त्याची नजर अधू असते, कानही बेताचे. सगळी भिस्त नाकावर. वारा उलटा असला तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते दचकतं, आणि मादीबरोबर पिल्लं असली तर ती पळत नाही. ‘‘ती तुझ्या बाबांना खायला आली नव्हती,’’ सर म्हणाले. आवडी म्हणते, त्या दिवसापासून तिला शिकवायचंच होतं. दुसरं काही सुचलं नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अंगणवाडीत त्या आठवड्याचा विषय होता जंगली प्राणी. भिंतीवरच्या तक्त्यात अस्वल पांढरंशुभ्र होतं आणि बर्फावर बसलेलं. आवडीने तक्ता उलटा करून टांगला. मदतनीस विमलबाई म्हणाल्या, ‘‘अगं, फोटो पाठवायचा असतो ना तक्त्याचा.’’ विमलबाई गावातल्या, वयाने मोठ्या, खिचडीची पातेली उचलता उचलता सगळ्यांना सुनावणाऱ्या.

‘‘आपल्या डोंगरात बर्फ पडतो का, विमलबाई?’’

‘‘नाय.’’

‘‘मग पोरांनी ते बघून काय करायचं?’’

तिने काळ्या कापडाच्या चिंध्यांचं एक अस्वल केलं, छातीवर खडूने पांढरा पट्टा ओढला. अंगणात लाल मातीचं वारूळ केलं. एका ताटात मुरमुरे पसरले, वर तांदळाचं पीठ भुरभुरवलं आणि प्रत्येक मुलाच्या हातात पपईच्या देठाची नळी दिली. ‘‘हे तुमचं नाकतोंड. हे वारुळातले किडे आणि वरची ही धूळ. अस्वल धूळ खात नाय. आधी काय करंल?’’ पोरांनी फुंकर मारली. पीठ एकमेकांच्या तोंडावर उडालं. ‘‘आता ओढा.’’ नळीच्या टोकाला मुरमुरा चिकटायचा आणि ओढताना सुर्रकन आवाज व्हायचा. ‘‘अस्वल असंच खातं. त्याचा आवाज लांबपर्यंत जातो.’’

वाडीतली तेजश्री हातपंपाच्या कट्ट्यावरून पडली होती आणि तिचे वरचे पुढचे दोन दात तुटले होते. महिनाभर सगळे तिला बोळकी म्हणत होते. आवडीने तिला पुढे उभं केलं आणि म्हणाली, ‘‘अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतातच. का? किडे ओढायला फट पायजे म्हणून. बघा, हिच्यासारखी.’’ त्या दुपारी सगळ्या पोरांना तेजश्री व्हायचं होतं. एकाने तर दोरा बांधून दात ओढायचा घाट घातला. त्याला विमलबाईंनी आवरलं.

दुसऱ्या दिवशी डोळे बांधून वासाचा खेळ झाला: मोहाची वाळकी फुलं, पिकलं उंबर, कांदा, ओली माती. तिसऱ्या दिवशी मोठी पोरं रांगत होती आणि लहान पोरं त्यांच्या पाठीवर केस धरून बसली होती. मी त्या दिवशी लशी द्यायला गेले होते. वजनकाट्याशेजारी बसून बघत होते. गावातल्या वाल्मिकचा मुलगा साईराज, पावणेपाच वर्षांचा, पाठीवर बसलेला असतानाच म्हणाला, ‘‘बाई, शुक्राला खाणारं अस्वल वेगळं होतं. ते वाईट होतं. माझी आज्जी म्हणते, शुक्रा पण पोरांना खातो.’’

पोरं थांबली. मी आवडीकडे पाहिलं. तिचा चेहरा हलला नाही.

‘‘तो माझा बा हाय,’’ ती म्हणाली. ‘‘आपण त्यालाच विचारू या.’’

पण बा ऐकेना. संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा शुक्रा अंगणात बांबू तासत बसला होता. हे आणि पुढच्या दिवसाचं बोलणं तिने मला जसंच्या तसं सांगितलं.

‘‘मी नाय येनार, आवडे. पोरं रडतील.’’

‘‘रडली तर गप करीन. ते माझं काम हाय.’’

‘‘तुला नोकरी लागलीय. माझं थोबाड तिथं कशाला?’’

‘‘तू टॉवेल घेऊन फिरतोस म्हणून ती आत काय हाय ते सोता रचतात, बा. तू सांगितलंस तर खरं काय ते कळंल.’’

‘‘पंचवीस वरसं नाय सांगितलं.’’

‘‘कुणी विचारलं का पंचवीस वरसांत?’’

शुक्रा बांबू तासत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तो आपणहून अंगणवाडीच्या दारात उभा होता, टॉवेल दातांत धरून.

आवडीने पोरांना अर्धगोल बसवलं आणि सांगितलं की बाबांच्या तोंडावर जखमेचे वण आहेत, एक डोळा नाही, आणि ज्याला बघायचं नसेल त्याने विमलबाईंच्या मागे बसावं. दोघं विमलबाईंच्या मागे गेली. मग शुक्राने टॉवेल काढला. एक मुलगी रडायला लागली, तिला आवडीने मांडीवर घेतलं. शुक्रा टॉवेल परत ओढणार होता, पण आवडी मान हलवून ‘नको’ म्हणाली.

‘‘मी लाकडं तोडीत व्हतो,’’ तो म्हणाला. ‘‘खाली वाकलेलो. ती पन खाली वाकलेली. तिला मी नाय दिसलो, मला ती नाय दिसली. तिच्या पाठीवर दोन पोरं व्हती. आता तुमी सांगा, तुमच्या आयेच्या पाठीवर तुमी बसलाय आन् एकदम कुनी कुऱ्हाड घेऊन पुढ्यात आला, तर तुमची आय काय करंल?’’

‘‘मारंल,’’ तेजश्री म्हणाली.

‘‘तेच तिनं केलं. मला मारलं, पोरं घेतली, गेली. खायाचं असतं तर खाल्लं असतं. मी तर पडलेलो.’’

‘‘दुखलं?’’ साईराजने विचारलं.

‘‘लय. अजून थंडीत दुखतं.’’

‘‘तुला तिचा राग आला?’’

शुक्राने टॉवेल मांडीवर ठेवला. ‘‘आलता. खूप वरसं व्हता. मग मलाबी पोरगी हाय ना रं. तिनंबी त्या दिशी डबा वाजवून मला वाचवलं. आपल्या मानसासाठी जो तो उभा ऱ्हातो.’’

साईराज उठून त्याच्याजवळ गेला आणि गालावरच्या वणावर बोट ठेवलं. हा क्षण विमलबाईंनी मोबाइलवर टिपला. रोजच्या फोटोंबरोबर तो फोटोही अंगणवाडीच्या ग्रुपवर गेला.

दुपारपर्यंत फोटो गावभर झाला होता. कुणी लिहिलं, लहान मुलांना हे दाखवायचं असतं का. कुणी लिहिलं, उद्या आजारपण लागलं तर. शेवटी एकाने जे सगळ्यांच्या मनात होतं ते लिहिलं: वाडीवाल्यांना डोक्यावर बसवलं की हेच होणार. दुसऱ्या दिवशी सत्तावीस पोरांपैकी नऊ आली, आठ वाडीतली आणि एक विमलबाईंची नात. वाल्मिक पंचायतीचा सदस्य. त्याने लेखी तक्रार दिली की सेविकेने बाहेरच्या विद्रूप माणसाला आणून मुलांना घाबरवलं. आठवड्यात आवडीच्या हातात नोटीस पडली: तीन दिवसांत खुलासा द्यावा.

नोटीस घेऊन ती आरोग्य उपकेंद्रात माझ्याकडे आली. मी जे केलं ते सांगते, लपवत नाही. मी म्हणाले, ‘‘दोन ओळी लिही. अनवधानाने चूक झाली, पुन्हा होणार नाही. असल्या कागदाला कोण विचारतं? फाइलला लागतो आणि विषय संपतो. मी तीसेक वर्षांत असे चार कागद दिलेत.’’

‘‘चूक कुठली लिहू, सिस्टर?’’

‘‘कुठलीही. नुसतं चूक म्हण.’’

‘‘माझा बाप चूक हाय असं लिहू? का अस्वल वाळवी खातं हे चूक हाय?’’

‘‘तसं नव्हे गं.’’

‘‘मग कसं? तुमीच मजकूर सांगा, मी लिहिते.’’

मी नुसता कोरा कागद तिच्याकडे सरकवला. तिने माझ्याच टेबलावर बसून, माझंच पेन घेऊन दीड पान लिहिलं. त्यात अस्वलाचे दात होते, नाक होतं, नजर होती. घाबरलेल्या प्राण्यासमोर माणसाने काय करावं आणि काय करू नये हे होतं. शेवटी असं होतं: ‘श्री. शुक्रा हिलम यांनी प्रत्यक्ष अनुभव सांगितला. एक मूल रडले, त्यास शांत केले. नंतर मुलांनी सात प्रश्न विचारले. माझ्याकडून चूक झालेली नाही. सबब चूक कबूल करता येत नाही.’ खाली सही, आणि त्याची झेरॉक्स तिने स्वतःजवळ ठेवली.

मग अंगणवाडीतच बैठक लागली. सुपरवायझर मॅडम आल्या. वाईट बाई नाहीत, तीस अंगणवाड्या सांभाळता सांभाळता थकलेल्या. त्यांना एक सही हवी होती आणि पुढच्या गावी जायचं होतं. गावातले पालक सतरंजीवर, वाडीतले नेहमीप्रमाणे बाहेर पायरीवर. शुक्रा आला तो टॉवेल खांद्यावर टाकून. दारातून आत आला आणि पुढच्या ओळीत सतरंजीवर बसला. त्याच्या मागोमाग तेजश्रीची आई वनिता आत आली आणि मग एकेक करून पायरी रिकामी झाली. गावातल्या दोन बायका जरा सरकल्या. जागा झाली.

वाल्मिक म्हणाला, ‘‘मॅडम, आमची पोरं शिकायला येतात. त्यांना असले चेहरे दाखवायची गरज काय?’’

आवडी उभी राहिली. ‘‘वाल्मिकदादा, हा चेहरा तुमच्या पोराला रोज दाखवला जात होता. जेव नायतर शुक्राला बोलावते, झोप नायतर शुक्रा येईल. तुमच्या घरात, माझ्या बापाला न विचारता. मी फक्त येवढं केलं का त्याला दारातून आत आणलं आणि बोलू दिलं.’’

‘‘आवडी, खाली बस,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘विषय नियमांचा आहे. बाहेरची व्यक्ती आणायला परवानगी घेतली होतीस का?’’

‘‘नाय घेतली. मागच्या महिन्यात गावातले भजनीबुवा गोष्ट सांगायला आले, तेव्हा पण नव्हती घेतली. तेव्हा तुमी ग्रुपवर फोटोला अंगठा दिलात, मॅडम.’’

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘तू चूक झाली म्हणतेस की नाही?’’

‘‘नाय.’’

एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. मी कोपऱ्यात बसून होते आणि माझी मान खाली गेली, कारण मीच तिला दुसरं शिकवत होते.

मग बायकांच्या मधून सुप्रिया बोलली, वाल्मिकची बायको, साईराजची आई. नवऱ्याकडे न बघता. ‘‘तो झोपंत दचकायचा, ते आधी. दोन वर्षं दचकत व्हता. त्या दिवसापासून तो शुक्राबाबांचं अस्वल खेळतोय. मला रांगायला लावतो आणि पाठीवर बसतो.’’

‘‘तुला कुणी विचारलं?’’ वाल्मिक म्हणाला.

‘‘मॅडमनी पालकांची सभा लावलीय. मी पालक हाय.’’

मॅडमनी ते लिहून घेतलं नाही. ताकीद द्यायची ती दिलीच. लेखी आदेश आला की यापुढे बाहेरच्या कोणत्याही व्यक्तीस अंगणवाडीत आणू नये. वाल्मिकने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. मला वाटलं, संपलं आता.

आवडीने आदेश दोनदा वाचला आणि अभ्यासक्रमाची पुस्तिका काढली. त्यात महिन्यातून एकदा परिसर भेट लिहिलेली होती: मुलांना जवळपासच्या शेतात, ओढ्यावर, झाडांखाली न्यावं. तिने रीतसर अर्ज केला. भेटीचं ठिकाण ‘वाडीमागील वारूळ’, उद्देश ‘कीटक व त्यावर जगणारे प्राणी यांची ओळख’. मॅडमना नाही म्हणायला जागा नव्हती. माणूस आत आणायला बंदी होती, मुलांना बाहेर न्यायला नव्हती. मग ती घरोघरी संमतीपत्रं घेऊन फिरली. काही ठिकाणी उंबऱ्यातूनच परत पाठवली, तिथे ती दुसऱ्या दिवशी परत गेली. एका घरी चार वेळा गेली. साईराजच्या कागदावर सुप्रियाने स्वतःची सही केली, पूर्ण नाव लिहून. सत्तावीसपैकी एकोणीस कागद जमले.

मीही गेले. पोरांना खरचटलं तर कापूस-आयोडीन लागेल, असं कारण मी रजिस्टरला लिहिलं. खरं कारण वेगळं होतं. एकदा तरी तिच्या बाजूला उभं राहायचं होतं.

वाडीच्या मागे साग आणि ऐनाच्या झाडांत छातीएवढं वारूळ आहे. शुक्रा तिथे आधीच जाऊन बसला होता, उघड्या तोंडाने. त्याने काडीने वारुळाचं एक बोटभर टोक काढलं, आत पांढुरकी वाळवी सैरावैरा धावताना दाखवली, आणि थोड्या वेळाने तिने तेच भोक ओल्या मातीने बुजवायला घेतलं ते दाखवलं. अस्वलाची नखं किती लांब हे त्याने स्वतःच्या बोटापुढे काडी धरून मोजून दाखवलं. इथे आता अस्वल नाही, त्याच्या आजाच्या लहानपणी वर घाटात होतं असं म्हणतात, हेही सांगितलं. कुठे गेली अस्वलं, असं साईराजने विचारलं. शुक्रा म्हणाला, ‘‘ते तुमी शिकून मला सांगा.’’ एक पोर मधेच घाबरून मागे आलं. मी त्याला कडेवर घेतलं. ते माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघतच राहिलं.

ताकीद अजून फाइलला आहे, ती काढलेली नाही. आवडीला त्यानंतर तालुक्याच्या प्रशिक्षणात कधी बोलायला उभं केलं नाही. दोन घरांनी पोरं कायमची काढून बाहेरच्या शाळेत घातली. वाल्मिक अजून तिच्याशी बोलत नाही, पण त्याच्या घरची धाकटी मुलगी यंदा अंगणवाडीत आहे. शुक्रा टॉवेल आता घाम पुसायला वापरतो. गावात काहीजण अजून त्याला पाहून मान फिरवतात आणि तो त्यांना नावाने हाक मारून राम राम घालतो, म्हणजे त्यांना मान परत फिरवावी लागते.

यंदाच्या वारूळभेटीआधी मी वाडीत गेले होते, एका बाळंतिणीला बघायला. शुक्रा खाटेवर पडून कुरकुरत होता. गुडघे दुखतात, वारुळापर्यंत चढवत नाही, आणि दरवर्षी तेच तेच काय सांगायचं.

आवडी अंगणात पपईचे देठ कापत बसली होती. तिने मान वर केली नाही. ‘‘गोष्ट जुनी आसंल, बा. पोरं नवीन हायत. ऊठ.’’

शुक्रा उठला, काठी शोधली आणि पुढे चालायला लागला.